गावकीचं तपेलं

तळा, ४ नोव्हेंबर २०२५

चि. गणराजास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. क्रांतीचं लग्न महिनाअखेरीला आहे. गावकीचं तांब्याचं तपेलं तू पालीच्या कोंडाजींकडे कल्हईला टाकतो म्हणून गणपतीनंतर टेम्पोतून नेलंस. कल्हई काय काशीला जाऊन करतात का रे?

बाबांनी घरोघरची मोडकी भांडी मागून ते घडवलं. वाडीतल्या प्रत्येक लग्नाचा भात त्यातच शिजतो, आणि ते सांभाळायला गावाने विश्वासाने आपल्या घरी ठेवलंय. लवकर घेऊन ये. भाचीला बोहल्यावर तुलाच आणायचंय, नवा सदरा शिवून ठेव. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी ताई

कळंबोली, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. तिकडे परदेशात तांब्याची मोठी खाण चिखलाने बुजली आणि इथे भाव एकदम चढला. मी गिऱ्हाइकाला जुन्या भावाने वितळवलेल्या तांब्याचा माल कबूल करून बसलो होतो. माल मिळेना, धंद्यातलं नाव जायची पाळी आली. मी बाहेरगावी असताना गड्यांनी गोदामातलं सगळं भंगार भट्टीत घातलं, त्यात तपेलंही गेलं.

जर्मनचं, ॲल्युमिनियमचं, नवं मोठं तपेलं पाठवतो. गावात सांग, कोंडाजींकडून चोरीला गेलं. त्यांना कोण विचारतंय? बाबांचं नाव कोरलेला तुकडा मी आठवण म्हणून कापून ठेवला होता, तो सोबत आहे. राग धरू नकोस, लोभ ठेव.

तुझा गणराज

तळा, १५ नोव्हेंबर

गणराजास,

तुकडा मिळाला. तू बाहेरगावी होतास, तर हा कापला कोणी? भट्टीआधी तू ते नाव वाचलंस, एवढं मला कळलं. नावाखाली बाबांनी ‘समस्त गावकरी’ असं कोरून घेतलं होतं. ते तू तपेल्याबरोबर जाऊ दिलंस. परक्याने फसवलं असतं तर मी रडले नसते.

गावकीत मी खरं ते सांगितलं. मग केसरकाकी म्हणाल्या, आपापल्या चुलीवर भात रांधू आन् मांडवात आणू, पोरीचं लगीन अडायचं न्हाय. जर्मनचं तपेलं पाठवू नकोस.

काल पालीला जाऊन आले. तपेलं कोंडाजींकडे कधी पोचलंच नव्हतं. तू त्यांच्यावर कसला आळ घालायला निघाला होतास, तेही मी त्यांना सांगितलं. क्रांतीला हात धरून बोहल्यावर तेच आणणार आहेत. सदरा शिवला असशील तर दुसरीकडे घाल.

शेवटची नेहमीची ओळ आज लिहिवत नाही.

कोकिळा