गोलरेषेवर थांबलेला

नोरहेड,
गुरुवार, २४ ऑक्टोबर

प्रिय भाऊ सिक्स्टन,

तब्येत बरी असेल आणि तिकडे लोफोटेनला वाऱ्याने बोटी अडकवून ठेवल्या नसतील, असं धरून चालतो. इकडे परवा पहिला बर्फ पडला आणि दुपारपर्यंत वितळलाही. छपराची पन्हळ मी त्याआधीच साफ केली होती.

बर्फावरच्या बँडीचा ऑक्टोबरातला करंडक नेहमीसारखा चार दिवस चालला. फिनलंडचे दोन संघ आले होते, नॉर्वेचा एक. तुझ्या वेळी उघड्यावर खेळायचे, आता सगळं छपराखाली. मशिनचा बर्फ दिसायला आरसा, पण उत्तरेकडच्या कोपऱ्यात चेंडू उगाच उसळतो. मी तिथल्या माणसाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "एव्हर्ट, तू तिकीट काढून आलायस ना? मग जागेवर बस आणि मॅच बघ." मी बसलो. चेंडू मात्र रविवारपर्यंत उसळत होता.

आपल्या संघाच्या स्केट्सना यंदाही धार मीच लावली. हे काम मला कोणी शिकवलेलं नाही. दगड कोणता, हात कुठे हलका ठेवायचा, सगळं मीच चुकत चुकत बसवलं. एकाही पोराचा पाय वळणावर घसरला नाही. कोणी बोलून दाखवलं नाही, पण घसरला असता तर बोलले असते.

बाबांची तपकिरी कातड्याची बॅग तुला आठवत असेल. तिची मूठ या उन्हाळ्यात निघाली होती, ती मी मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाका घालून शिवली. आतला सरंजाम तोच: थर्मास, कॉफीत नेहमीचा दारूचा कडक घोट, सॉसेज घातलेले पाव आणि तीन कप. मॅचला आम्ही जायचो दोघंच. पण तिसरा कप ठेवल्याशिवाय बाबा बॅग बंद करू द्यायचे नाहीत.

'द्यायचे' असं लिहून गेलो. बाबा मंगळवारी सकाळी झोपेतच गेले. ते तुला काल कळलं आहे. पाद्रीबाई उल्रिका यांना फोन करायला मीच सांगितलं होतं. मला फोन करता येत नाही असं नाही. पण तू आणि मी फोनवर हवामानाच्या पुढे जात नाही, आणि या वेळी हवामान पुरलं नसतं. अंत्यविधी ८ नोव्हेंबरला, शुक्रवारी अकरा वाजता आहे, हे सांगितल्यावर तू म्हणालास म्हणे, "मला तिथे कोणी बोलावलेलं नाही." बाईंना त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला.

त्या कॉर्नरबद्दल या घरात नंतर कधीच कोणी बोललं नाही. तू डिसेंबरात बॅग भरून गेलास, बाबांनी तुझा संघातला फोटो भिंतीवरून काढला, आणि मागे राहिलेला चौकोनी डाग मी रंगवून टाकला. मला एवढंच माहीत होतं, की आदल्या हिवाळ्यात तुझ्या गालाचं हाड मोडलं होतं आणि डाव्या डोळ्याने तुला अंधुक दिसायचं. तरी बाबांनी, संघाचे प्रशिक्षक म्हणून, समोरच्या संघाच्या कॉर्नरला गोलरेषेवरून पहिला धावणारा तुलाच ठेवलं. करंडकाची उपान्त्य फेरी होती. तू गोलरेषेवरून सुटला नाहीस, गोल झाला, आपण हरलो. आणि सगळ्या गावासमोर बाबा तुला म्हणाले, "भित्रा! हा माझा मुलगा नाही." हे शब्द लिहिताना मला त्रास होतोय. पण पुढचं सांगायचं तर आधी हे नीट मांडलंच पाहिजे.

आता शनिवारचं सांगतो.

वर्षभर बाबांच्या डोक्यात माणसांची अदलाबदल चालली होती. गुन्वोर मावशीला ते आजी समजायचे. पण शनिवारी तल्लख होते. मागच्या रांगेतून होल्गर ओरडला, "रॅग्नवाल्ड, अजून जिवंत आहेस होय? एक घोट इकडे पाठव, म्हणजे माझी खात्री पटेल!"

"आधी स्वतःचा कप घेऊन यायला शीक, फुकट्या!" बाबा म्हणाले. आजूबाजूचे सगळे हसले.

मग फिनलंडवाल्यांना कॉर्नर मिळाला. आपली पोरं गोलरेषेवर उभी राहिली. चेंडू हलला की रेषेवरून सुटायचं, फटका मारणाऱ्याच्या अंगावर जायचं आणि फटका स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हे तुला सांगायला नको. पहिला धावणारा सुटलाच नाही. गोल. होल्गर ओरडला, "जा घरी, आई वाट बघतेय!" आणि बाकीचेही त्याला सामील झाले.

बाबांनी माझं मनगट पकडलं. "सिक्स्टन, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस."

"बाबा, मी एव्हर्ट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चुकीच्या दारावर टकटक केलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग पुन्हा, अगदी हळू: "डोळा दुखतो का रे, सिक्स्टन?"

मी म्हणालो, "नाही बाबा. आता नाही दुखत."

होय, म्हणालो. तुझ्या नावाला ओ दिली. त्यानंतर ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो, माझा एक शब्दही घातलेला नाही:

"डॉक्टरने मला सांगितलं होतं. आणखी एक फटका बसला तर डोळा जाईल म्हणून. तरी मी तुला पहिला उभा केला. तू थांबलास ते बरोबर केलंस. भित्रा मी होतो. पोराला घरी बसवलं तर लोक काय म्हणतील, याला भ्यालो. चल आता घरी. खूप दिवस झाले. घरी चल."

ऐकलंस? म्हणजे तुला बोलावलेलं आहे. बाबांनी बोलावलेलं आहे, आणि मी त्याचा साक्षीदार आहे. हा निरोप तुझा होता, वाटेत माझ्याकडे आला एवढंच. मी तो पाच रात्री स्वतःजवळ ठेवला, कारण इतक्या मायेने माझं मनगट त्यांनी कधी धरलं नव्हतं. धरलं तेव्हाही ते तुझंच होतं.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण अर्धवट हिशेब मला सहन होत नाही. मी त्यांना विचारलं, तुझ्या तोंडून विचारलं म्हण, "आणि एव्हर्ट, बाबा?"

ते म्हणाले, "एव्हर्टचं काय? तो असतोच." आणि कॉफीसाठी कप पुढे केला.

मी ओतली. एक थेंब सांडला नाही. तेव्हापासून हे वाक्य उलटसुलट करून पाहतोय. कधी वाटतं, याहून मोठी शाबासकी बापाने द्यावी तरी कुठली. कधी वाटतं, लोक दाराजवळच्या खुंटीबद्दल असंच बोलतात. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखायचास. आलास की सांग.

शवपेटी उचलायला सहा जण लागतात. पाच ठरलेत, त्यात होल्गरही आहे. सारखा रडतोय. डाव्या बाजूची पुढची जागा मी कोणाला दिलेली नाही. तिथून चालताना पेटी तुझ्या उजव्या हाताला राहील, आणि पेटीपलीकडे मी. म्हणजे आम्ही दोघंही तुझ्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला असू. मी मोजून पाहिलं आहे, तुझी-माझी उंची जुळते. पेटी कलणार नाही.

आदल्या दिवशी, ७ तारखेच्या गुरुवारी, संध्याकाळच्या गाडीला मी स्टेशनवर येतो. तू आलास तरी, नाही आलास तरी.

मी असतोच.

एव्हर्ट