कॅप्टन ट्रेंट यांना नकार देण्याची तयारी

२ ऑक्टोबर १८१६, बुधवार. दुपार.
पुलापाशी गाडी थांबवून चौघांनी एका इसमाला उचलून माझ्या दिवाणखान्यात आणून टाकलं. लिडकोम गावात तळमजल्यावर रिकामी खाट माझ्याकडेच. नाव कॅप्टन जास्पर ट्रेंट. मांडीत गोळी. लढाईतली नव्हे, एक्झिटरमधल्या कुणाच्यातरी नवऱ्याची. डॉक्टर म्हणतात, महिनाभर हलवायचं नाही. विधवेचं घर, पण ख्रिस्ती कर्तव्य आहे. मात्र कामापुरतंच बोलायचं. ठरलं.

५ ऑक्टोबर.
इसम म्हणतो, सूप आळणी आहे. सांगितलं, मीठ महाग आहे, पश्चात्ताप फुकट आहे. आधी फुकटचं घ्या. हसला. हसताना टाके ओढले गेले. देव आहे.

९ ऑक्टोबर.
त्याला सुधारायचं ठरवलं. रोज एक प्रवचन वाचून दाखवणार. आज चौथ्या पानावर तो झोपला. पाचव्यावर मी डोळे मिटून मनन केलं. डॉर्कस म्हणते, मी घोरत होते. बारा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला आहे, पण हल्ली तिला ऐकू नीट येत नाही.

१४ ऑक्टोबर.
डॉर्कस विचारते, बाई, प्रवचन वाचायला निळी टोपी लागते का? म्हटलं, जुनी धुवायला टाकली आहे. म्हणाली, सलग पाच दिवस?
कॅप्टनना तीन पत्रं आली. तिन्हींना वेगवेगळ्या अत्तरांचा वास. न उघडताच चुलीत घाला म्हणाले. कागद चांगला जाड होता, मागची बाजू कोरी असणार. तरी घातली. लगेच घातली.

२१ ऑक्टोबर.
पाद्रीणबाई मिसेस पिम येऊन बसल्या. लोक काय काय बोलतात ते सगळं सांगितलं, आणि वर, आपण नाही बाई असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत. जाता जाता माझ्या दिवंगत नवऱ्याच्या, मिस्टर स्टोक यांच्या मृत्युपत्राची आठवण करून दिली. मी विधवा आहे तोवर घर माझं. पुन्हा लग्न केलं की त्यांच्या पुतण्याचं, मॅथिआसचं. जशी काही मी विसरलेच होते. आठ वर्षं हे घर एकटीनं सांभाळलंय. छपरावरची कौलं स्वतः उभी राहून बसवून घेतली. यातला एक खिळा कुणासाठी सोडणार नाही.
अधिक लिहिणार होते, पण कॅप्टनची उशी सरकली.

२८ ऑक्टोबर.
ते आता काठी घेऊन खिडकीपर्यंत चालतात. पुढच्या आठवड्यात जाऊ शकतील, असं डॉक्टर म्हणाले. फार बरं झालं. डॉर्कसला म्हटलं, या डॉक्टरला काही कळत नाही, दुसरा बघायला हवा.

३० ऑक्टोबर.
आज त्यांनी लग्नाचं विचारलं. येणार हे ओळखून नकार आधीच लिहून ठेवला होता. सात मुद्दे: द्वंद्व, दारू, बायका वगैरे. सातवा मुद्दा घर. त्यांनी तोच पहिला काढला.
“घर जाईल तुमचं, बाई. मिसेस पिम मुद्दाम येऊन सांगून गेल्या. माझ्याकडे टॉन्टनला भाड्याच्या दोन खोल्या आहेत, एक लंगडा पाय आहे आणि वाईट नाव आहे. नाही म्हणा, सोमवारी निघून जातो. आणि तुमच्यावरून कुठल्याही मैफलीत विनोद करणार नाही. हे वचन आजवर कुठल्या बाईला दिलेलं नाही.”
मी ठामपणे म्हटलं, “सूप निवतंय.”
सगळं प्यायले. तळाचं सलगमसुद्धा. त्यानंतर लगेच नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. ते पायाबद्दल म्हणाले होते, पण माणूस एकच आहे.

६ नोव्हेंबर.
रेव्हरंड पिम आले. कॅप्टननी लग्नासाठी दोघांची नावं दिली आहेत. तीन रविवार चर्चमध्ये पुकारायची, माझी संमती आहे ना? तेव्हाच नाही म्हणणार होते. मग सुचलं. नावं पुकारली की ते विचारतात, या लग्नाला कुणाला काही अडथळा माहीत आहे का. तिथेच उभं राहून सांगावं. अख्ख्या गावासमोर, एकदाच, म्हणजे पुन्हा प्रश्न नको. म्हटलं, पुकारा.

१० नोव्हेंबर, रविवार.
पहिली वेळ. घसा बसला होता. दोन वेळा अजून आहेत.

१७ नोव्हेंबर, रविवार.
पुढच्या बाकावर मिसेस पिम यांची नवी हॅट. उभी राहिले असते तरी दिसले नसते.
मॅथिआस आला होता. दुपारी घरात दोरी घेऊन खिडक्या मोजत हिंडला. विचारतो, काकू, पडदे घराबरोबरच ना? तेव्हाच पक्कं केलं. पुढचा रविवार.

२० नोव्हेंबर.
आरशासमोर सराव. “माझी हरकत आहे.” स्वयंपाकघरातून डॉर्कस ओरडली, कशाला, बाई? आता हे मात्र तिला ऐकू येतं.

२४ नोव्हेंबर, रविवार.
आज शेवटची वेळ. कॅप्टन पहिल्यांदाच चर्चला आले होते, दाराजवळच्या बाकावर, पाय लांब करून. रेव्हरंड पिमनी विचारलं, कुणाला काही अडथळा माहीत आहे का.
मी उभी राहिले.
सगळं चर्च वळलं. मॅथिआसचं तोंड उघडंच राहिलं. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण नजर खाली घातली नाही. एकदाच मान हलवली, जशी काही परवानगी देत होते. मला कुणाची परवानगी लागत नाही. सातही मुद्दे पाठ होते. तोंड उघडलं, तेवढ्यात दिसलं की दार अर्धवट उघडं आहे.
“ते दार कुणीतरी लावा,” मी म्हटलं. “ह्यांच्या पायाला वारा लागतोय.”
रेव्हरंड पिमनी चष्मा काढला, पुसला, घातला. विचारलं, याखेरीज काही अडथळा?
म्हटलं, नाही.
खाली बसले.
दार लावायला मॅथिआस धावत गेला.