जरा कळ काढा

३ तारीख, सोमवार

लागली बाई नोकरी, आणि तीही नटीची! आजपासून मी दिवसातून तीनदा मरणार. अकराला, दोनला आणि पाचला. मधे जेवणाची सुट्टी आहे.

जागा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एका दातवाल्याचा दवाखाना. बाहेर बाकं, आत खुर्ची. या इसमाने म्हणे अकरा माणसं त्या खुर्चीत मारली, तीही भर दुपारी, दार उघडं ठेवून. ओरडणं ऐकून गल्लीतलं कुणी फिरकलं नाही, कारण दातवाल्याकडे माणसं ओरडणारच. दर वेळी तो एवढंच म्हणायचा की जरा कळ काढा. बारावी जी मेली, तिचा तर दातही दुखत नव्हता. ती अकरावीला सोबत म्हणून बाकावर बसली होती, इतका वेळ का लागतोय ते बघायला उठली आणि संपली. आता तिथेच हा भयखेळ चालतो. मधली भिंत पाडली आहे आणि त्याच बाकांवर प्रेक्षक बसतात.

मी अकरावी. तोंडात कापूस कोंबलेला, त्यामुळे पाठांतराची कटकट नाही. रोग्यांना काही सांगायचं असलं तर दातवाला वही-पेन्सिल द्यायचा, तशी वही खुर्चीच्या उजव्या हाताला अडकवली आहे. तिच्यात ‘वाचवा’ असं लिहून, पान फाडून मी बाकांकडे फेकायचं. लोक ती पानं आठवण म्हणून घरी नेतात. मागची पानं कोरी आहेत, म्हणून ही रोजनिशी मी तिथूनच सुरू केली.

पट्टे मात्र खरे, चामड्याचे; मनगटं आवळली तरी पंजे मोकळे राहतात. डाव्या अंगठ्याखाली एक कळ आहे. ती दाबली की चारही पट्टे फटकन सुटतात, मग उठून नमस्कार करायचा. कळ काढत बसायचं आणि कळ दाबून उठायचं, असा हा माझा संसार.

५ तारीख, बुधवार

दातवाल्याचं काम करणाऱ्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात, जेवणाच्या खोलीतसुद्धा. उभा जन्म नाटकात गेलेला गृहस्थ. आवाज मऊ. मला ‘बाळ’ म्हणतात आणि घसा बसला तर मीठ घालून गरम पाणी आणून देतात.

त्यांचं एकच दुःख आहे, लोक हसतात. त्यांनी ‘जरा’ म्हटलं की सगळी बाकं एका सुरात ‘कळ काढा’ म्हणून ओरडतात आणि खिदळतात. आज दुपारी ते जिन्यावर डबा न उघडता बसून होते. पूर्वी बायका इथे बेशुद्ध पडायच्या, म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

ताईला फोन केला. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, पण माझ्या नाटकांना आजवर नाक मुरडत आली. एकही पाहिलं नाही. या वेळी चक्क म्हणाली की सोळा तारखेला दोनच्या खेळाला येते. माझा विश्वास बसेना. शपथ घे म्हटलं, तर म्हणाली, आईशप्पथ. म्हणजे येणारच. आई गेल्यापासून ही शपथ आम्ही दोघींनी एकदाही खोटी घेतलेली नाही.

१० तारीख, सोमवार

डॉक्टरांनी रबराची पक्कड ठेवून दिली. काचेच्या कपाटातली खरी काढली आहे, त्या काळची. तिच्या वजनाने हात खरा वाटतो, म्हणाले. अकराच्या खेळात तिचं टोक माझ्या हिरडीत घुसलं आणि रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं. बाकांवर चिडीचूप झालं, पहिल्यांदाच.

नंतर त्यांनी माझे दोन्ही हात धरून माफी मागितली. डोळे मात्र चमकत होते.

१२ तारीख, बुधवार

लगेच लिहून ठेवते.

सातव्या रोग्याचं काम करणारा आमच्यातला सगळ्यात विनोदी माणूस. सगळ्यांच्या नकला करायचा, हसला की मागची चांदीची दाढ दिसायची. आज अकराच्या खेळात तो खुर्चीत इतका तडफडला की टाचा आपटून पायाखालची फळी फुटली. डॉक्टरांनी गुडघा त्याच्या छातीवर रोवला होता. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मग त्याचा जबडा एका बाजूला लोंबायला लागला आणि सदरा लाल झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी विंगेतून बघत होते, मीसुद्धा वाजवल्या.

मॅनेजरबाई म्हणतात, त्याला बरं नव्हतं, घरी गेला. त्याच्या चपला अजून बाकाखाली आहेत.

१३ तारीख, गुरुवार

टेबलावरच्या बरणीत प्लॅस्टरचे दात असतात. आज वरच एक दाढ होती. चांदीची. मुळांना हिरडीचा तुकडा चिकटलेला.

मॅनेजरबाईंना दाखवली. तू भूमिका फार मनाला लावून घेतेस, म्हणाल्या. तशीच पोलीस चौकीत गेले. हवालदाराने दाढ उलटसुलट करून बघितली आणि हसला. तुमचा खेळ दोनदा पाहिलाय, म्हणाला, दाढा झकास बनवता.

राजीनामा लिहिला. रविवारचा दोनचा खेळ शेवटचा. ताई येणार आहे, नाहीतर आजच पळाले असते. तिने एकदा तरी बघावं की मी काय करते. एवढा एकच खेळ. आणि अंगठ्याखाली कळ आहे तोवर मला कसली भीती?

१५ तारीख, शनिवार

पाचचा खेळ. पक्कड दाताला लागताच कळ दाबली. घट्ट. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबल्यावर पट्टे सुटले. तोवर त्याने दात हलवून ढिला केला होता. आता ‘त्यांनी’ लिहवत नाही.

मॅनेजरबाईंना सांगितलं, कळ घट्ट झालीय. जाताना बघितलं तर सूचनांच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं — खुर्ची : रविवारपर्यंत कळ काढा. एवढ्या भीतीतही हसू आलं. काढते बाई. एकच दिवस.

तोंड सुजलंय. मन म्हणतंय जाऊ नकोस. पण ताई —

१६ तारीख, रविवार, दोनचा खेळ

खुर्चीत आहे. कापूस कोंबला. ताई आली. पहिल्या बाकावर. निळी साडी —

कळ नाही. अंगठ्याखाली भोक आहे. नुसतं भोक. फळ्यावरचं मिस्त्रीसाठी होतं. काढा म्हटलं, त्याने काढली —

एक दाढ गेली. खालची, मुळासकट. रक्त घशात जातंय. सगळे ओरडतायत, कळ काढा, कळ काढा —

लिहिलं वाचवा. फेकलं. टाळ्या. लिहिलं हे खरं आहे. एकाने घडी करून खिशात घातलं.

दुसरी. गुडघा छातीवर. जबडा कडकन —

ताई बघतेय. हसतेय. डोळे पुसतेय, कौतुकाने. इतकी वर्षं मी याचीच वाट —

फेकायच्या पानांतलं शेवटचं. लिहिलं, ताई आईशप्पथ. तिच्या पायाशी पडलं. उचललं. वाचलं.

हसू गेलं.

उठली. येतेय. बाकावरून उठून येतेय. बारावी —

त्यानेही बघितलं. माझ्या तोंडातून पक्कड काढली. पुसतोय. तिला हात देतोय, या म्हणतोय. लोक तिला वाट करून देतायत —

हेच पान फाडते

ताई बस खाली. नाटक आहे. मला काही झालं नाही. छान झालंय ना. जागेवर जा. सगळं खोटं आहे ताई आईश