दोन मार्कांसाठी बाईंच्या दारी

बाई, आज सकाळी नातीचा निकाल लागला आणि मला तुमचं महाडचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पदर सारखा करते.

मी पोलादपुराकडच्या वाडीतली, महाडला मामाकडे राहून तुम्ही शिकवत होतात त्या मुलींच्या शाळेत शिकणारी. बाबा मुंबईला गिरणीत होते. त्यांचा निरोप आला होता की पोरगी नापास झाली तर तिला वाडीवर आणा, शाळा पुरे. आणि तुम्ही मला मराठीत दोन मार्कांनी नापास केलंत. निबंधात मी जिथे तिथे 'हाय' नि 'नाय' लिहिलं होतं, त्या प्रत्येकाखाली तुमची लाल रेघ. रविवारी दुपारी मी तुमच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तुम्ही एकट्याच पापड लाटत बसला होतात.

"बाई, दोन मार्क वाढवून द्या. नायतर माझी शाळा सुटंल."

"मार्क म्हणजे काय परसातलं अळू आहे, मागितलं की खुडून द्यायला?" तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. मला रडू फुटलं. तशी तुम्ही एक लाटी तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवलीत. "आधी खा. मग निबंधात काय लिहिलं होतंस ते तोंडानं सांग."

लाटी चघळतच मी सांगू लागले. आंबेनळी घाटाच्या अंगाला गुरं नेली की धुकं येतं, वाट दिसत नाय, मग गुरांच्या मागं चालायचं, त्यांना घर ठावं हाय. तुमचं लाटणं थांबतं. "अगं, हे तर फार सुरेख आहे," तुम्ही म्हणता. "आईपाशी असंच बोल. पुस्तकी बोललीस तर ती बिचारी तुला पाहुणी समजेल. पण कागदावर तुला दोन्ही यायला हवं. मार्क मी देणार नाही. शनिवारी पुन्हा लिही आणि मिळव."

मग रोज शाळा सुटल्यावर मी तुमच्या ओटीवर बसून ते धुकं पाटीवर लिहायचे आणि तुम्ही ओल्या फडक्यानं पुसून टाकायचात. "पुन्हा." एकदा रागानं मी पाटी आपटली, तर तुम्ही म्हणालात, "आपट, पण शुद्ध आपट," आणि आपण दोघी हसत सुटलो. शनिवारी मी लिहिलं. सोमवारी तुम्ही ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलंत, चष्मा काढलात आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "पोरगी पास हाय!" मुलींनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

त्याच आठवड्यात आई डोक्यावर फणस घेऊन महाडात उतरली. "बाई, तुमच्यामुलं पोर शिकतेय," ती म्हणाली. "छे हो, भांडून शिकतेय," तुम्ही म्हणालात. हाताला तेल चोळून तुम्ही दोघी परसात बसलात, एक चिरतेय, एक गरे काढतेय, आणि जुन्या मैत्रिणी भेटाव्यात तशा बोलताय.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून घडी घालून ठेवून देते. एक गोष्ट मात्र तेव्हा बोलले नव्हते. त्या फणसाच्या दुपारी माझ्याकडे तुम्हां दोघींचं लक्षच नव्हतं. ही पोर कुणाची, यावरून तुम्ही थोडं तरी भांडावं, असं मला फार फार वाटत होतं.