चार नंबरच्या टेबलावरच्या बाई

शुक्रवार, ३ मे
सासरे हॉटेलवर आले होते. सूप प्यायले. अर्धं. मग मुद्द्यावर आले. माझ्या मेहुण्याचं कपड्यांचं दुकान ज्या बिल्डिंगमध्ये होतं ती पाडताहेत. त्याला जागा हवी. माझ्या हॉटेलची जागा सासऱ्यांची. शनिवार-रविवारीसुद्धा तुम्ही इथे माशा मारत बसता, असं म्हणाले. महिनाअखेरीपर्यंत वीकएंडला हॉटेल भरलेलं दिसलं तर जागा माझ्याकडे, नाहीतर मेहुण्याकडे. मी हसत हसत म्हटलं, भरून दाखवतो. घाबरलो होतो, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ही म्हणाली, दिसलं.

चांगली नोकरी सोडून हे हॉटेल काढलंय. काही झालं तरी मला ते सोडायचं नाही.

शनिवार, ४ मे
गिऱ्हाइकं दोन. पैकी एकाला सलूनचा पत्ता हवा होता, दुसरा आमचा साबणवाला. पण शोध मोठा लागला. एक जोडपं दारापर्यंत आलं, काचेतून आत डोकावलं, कोणी नाही म्हटल्यावर चालू पडलं. म्हणजे दोष सूपचा नाहीच. दोष रिकाम्या खुर्च्यांचा. शुद्ध सायकॉलॉजी! आचाऱ्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, थोडा सूपचाही आहे. त्याला मार्केटिंगमधलं काय कळतंय.

रविवार, ५ मे
हिला नटवून खिडकीतल्या चार नंबरच्या टेबलावर बसवलं. सूचना एकच, खाताना आनंदी दिसायचं. पहिल्याच चमच्याला हिने जे तोंड केलं, ते पाहून समोरून येणारा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला. घरी यावरून वाजलं.

ठराव: तोंड न करणारी गिऱ्हाइकं शोधणे.

सोमवार, ६ मे, सकाळी
सापडली! मेहुण्याच्या दुकानातले पुतळे आमच्याच पॅसेजमध्ये ठेवलेत. आज दूध घ्यायला जाताना त्यातल्या एकीला धक्का लागला. मी सॉरी म्हटलं. तिने तोंड केलं नाही.

बुधवार, ८ मे
मेहुण्याने पुतळे लगेच दिले. वर त्यांना दर आठवड्याला नवे कपडे तोच घालणार. भाऊजी, तुमच्यासाठी एवढंही करू नये का, म्हणाला. मोठ्या मनाचा पोरगा. मी उगाच त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलत आलो.

अडचण एकच. पुतळ्यांचे गुडघे वाकत नाहीत. शेवटी पाय काढले, वरचे भाग खुर्च्यांवर मांडले, लांब टेबलक्लॉथ सोडले. सगळे पाय कोठीच्या खोलीत. आचारी कुरकुरतोय. कांदे आणायला गेलं की एवढे पाय समोर येतात, पडायचं कोणाच्या, म्हणतो. दुर्लक्ष केलं.

शनिवार, ११ मे
काय सांगावं! लोक खिडकीपाशी थांबतात, बोट दाखवतात. दुपारी एक बाई चक्क आत आल्या. मी मेन्यू घेऊन धावलो. त्या थेट चार नंबरच्या टेबलावर गेल्या आणि तिथल्या बाईंच्या ड्रेसची किंमत विचारली. मी म्हटलं, त्या जेवताहेत. यात निळा आहे का, असं विचारून झालं. मी म्हटलं, सूप आहे. गेल्या.

पण आत आल्या. फूटफॉल म्हणतात तो हाच.

रविवार, १२ मे
मेहुणा सहज डोकावला. खिशात मापाची टेप होती, योगायोगाने. कालच्या बाई मैत्रिणींना घेऊन आल्या. मेहुण्याने चार नंबरच्या बाईंचा ड्रेस काढून विकला. बाईंच्या अंगावर मी घाईघाईने टेबलक्लॉथ टाकला. संध्याकाळी कोणीतरी त्याचीही किंमत विचारली.

आजचा हिशोब: सगळी टेबलं भरलेली, लोक उभे. असा रविवार या हॉटेलने पाहिला नव्हता. सूप कोणी मागितलं नाही, पण लोक आधी रुळले पाहिजेत. हिला तसं सांगितलं. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला. कौतुकाने असावं.

शनिवार, १८ मे
तुडुंब. मेहुण्याने कपड्यांचे रॅक आणले, कोठीच्या खोलीत ट्रायल रूम केली. एक गृहस्थ शर्ट घालून बघायला आत गेले आणि पाय बघून बोंबलत बाहेर आले, पण शर्ट घेतला.

एक सूप खपलं! खरं गिऱ्हाईक! त्याने ते रॅकवरच्या पांढऱ्या शर्टवर सांडलं, आणि मेहुण्याने शर्ट त्याच्या गळ्यात मारला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊजी, गर्दीच्या वेळी सूप नको, डाग पडतात. तात्पुरतं मान्य केलं. धंद्यात लवचीक राहावं लागतं.

आचारी आता इस्त्री करतो. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्या हातचं पुन्हा मागताहेत, असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. फितूर.

रविवार, २६ मे
सासरे पाहणीला आले. दारातून आत शिरता येईना! मी त्यांना हाताला धरून गर्दीतून नेलं आणि म्हटलं, बघा, भरून दाखवलं की नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. जावईबापू, शब्द खरा केलात, म्हणाले. आणि किल्ली मेहुण्याच्या हातात दिली.

मी म्हटलं, अहो, ठरल्याप्रमाणे हॉटेल भरलंय. ते म्हणाले, भरलंय खरं, पण हॉटेल कुठे आहे? मी चार नंबरच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

हॉटेलच्या कोपऱ्यात जाऊन रडलो. लिहायला लाज नाही. ही आली आणि वडिलांना म्हणाली, बाबा, त्यांचं एक टेबल तरी राहू दे. सूपला नावं ठेवणारी बाई माझ्यासाठी वडिलांशी भांडली. चार नंबरचं टेबल मला मिळालं.

शनिवार, १ जून
शांतपणे विचार केल्यावर वाटतं, जे झालं ते बरंच झालं. एक टेबल म्हणजे एक्सक्लुझिव्ह. एक कुटुंब बसलं की हाउसफुल! मोठमोठ्या हॉटेलांना हे साधत नाही. आचाऱ्याकडून सूपचं पातेलं भरून घेतलं. मीठ हिच्या सल्ल्याने.

मेहुण्याची एकच विनंती. उद्या गिऱ्हाईक येईपर्यंत त्या खुर्चीवर मीच बसावं, त्याचा नवा राखाडी कोट घालून. रिकामी खुर्ची वाईट दिसते, म्हणाला. माझीच थिअरी! पोरगा शिकतोय.

रविवार, २ जून
सकाळपासून बसून. कोट ढगळ होता म्हणून मेहुण्याने मागून टाचण्या मारून खुर्चीच्या कव्हरलाच जोडला. हलू नका, सुरकुत्या पडतात, अशी ताकीद. बसलो.

दुपारी एक जोडपं आलं. कपड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. इथे म्हणे सूप मिळतं, असं बाईंनी विचारलं. अख्ख्या मे महिन्यात हा प्रश्न एकानेच विचारला होता. मेहुणा म्हणाला, टेबल एकच आहे आणि ते भरलंय.

उठायला गेलो, टाचण्यांनी उठू दिलं नाही. तोपर्यंत गृहस्थ जवळ आले. माझी बाही चिमटीत धरून चोळली, कॉलर उलटून पाहिली, आणि बायकोला म्हणाले, कापड झकास आहे, पुतळा मात्र जरा तरुण ठेवायला हवा होता.

मी म्हटलं, सूप गरम आहे.

बाई किंचाळून रस्त्यापर्यंत पळाल्या. सूपला थांबल्या नाहीत. कोट मात्र गृहस्थ घेऊन गेले.