डाव्या हातावरचं टक्कल

रविवार, संध्याकाळ

पकडलो गेलो, तेही हातावरच्या टकलामुळे! दिवाळीत बायकोला शब्द दिला होता की जुने वस्तरे आता पुरे, घरात अकरा झालेत. पण काल सावनेरच्या बाजारात एका म्हाताऱ्या न्हाव्याने शिंगाच्या मुठीचा वस्तरा दाखवला आणि मी विरघळलो. घरी आणून बुटांच्या डब्यात लपवला. आज सकाळी ती देवळात गेल्यावर चामड्याच्या पट्ट्यावर घासला आणि धार पाहायला डाव्या हातावरचे चार केस उडवले. मग आणखी चार. थांबवतं का? दाढी तर अशी झाली की दिवसभर गालावरून हात फिरवतोय.

चहा देताना बायको म्हणाली, "डाव्या हाताचे केस कुठं गेले जी?"

"उन्हानं गेले असतील." काय हे उत्तर! शेवटी वस्तरा बारावा म्हणून काढून दाखवला. ती चक्क हसली. म्हटलं, सुटलो. दिवाळीनंतर याआधी आणखी दोन लपवले, त्यांची धार पायावर पाहिली होती, ते हिला कुठं माहीत? यावेळीच घाई नडली.

कप उचलून ती उठली आणि म्हणाली, "आता पायजमा वर करा."