टीव्हीची उजवी बाजू

मु. पो. पलूस
ता. २९ डिसेंबर १९७९

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायांवर दादासोचं डोकं. (दिवाळीत प्रत्यक्ष ठेवायचं राहिलं, ते यात धरून घ्यावं.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची आणि आक्काची खुशाली तुमच्या पोस्टकार्डावरून समजली. तुमचा गुडघा थंडीत दुखतो असं वाचून वाईट वाटलं. एरंडाची पानं गरम करून बांधावीत. माझ्या गुडघ्याला काही उपयोग झाला नाही, पण तुमचा गुडघा माझ्यापेक्षा ऐकणारा असेल.

कार्डात तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली, बोटीवर नोकरीला असलेला तुमचा बाळासो परत निघण्याआधी विचारतोय की त्याने पाठवलेल्या खेळाच्या डब्यातले कोणते खेळ मामाला यंदा आवडले, म्हणजे येताना तसलेच आणखी आणता येतील. दुसरी, तुम्ही आणलेल्या म्हसवडच्या स्थळाचं काय झालं, माझ्या बनूची सुपारी फुटली का. दोन्हींची उत्तरं देतो. आधी पहिल्याचं देतो, कारण तुम्ही पहिलं लिहिलंय. (दुसरं मी टाळतोय असं समजू नका. टाळतोय, पण तसं समजू नका.)

दाजी, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी तुम्ही ठरवल्यात. फौजेत भरती तुम्ही केलंत, बायको तुम्ही बघितलीत, विहिरीची जागा तुम्ही काठी रोवून दाखवलीत. चोवीस वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून परत आलो, तेव्हा ‘पेन्शनीत निघालेल्या माणसाच्या घरात टीव्ही पाहिजे’ हेही तुम्हीच म्हणालात, आणि मी पुण्याच्या लष्करी कँटीनमधून तो मांडीवर घेऊन आलो. पुण्याचं चित्र पलूसपर्यंत पोचत नाही, हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही. चाळीस फुटांचा कळक उभा करून त्यावर एरियल बांधली, तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. आम्ही दोन वर्षं मुंग्या बघितल्या. शेजारची भामाबाई तर नेमाने यायची आणि “आज मुंग्या लय गडबडीत हायती, पाऊस येतोय का काय” म्हणून अंदाज सांगायची. शेवटी बायकोने, शालूबाईने, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालून त्यावर गणपती बसवला, म्हणजे निदान कुणी तोंडावर हसायला नको.

त्यात शिमग्यानंतर बाळासोचा डबा आला. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, डब्याचं बटण दाबायचं, की मुंग्या गायब. मध्ये एक तुटक रेघ, दोन्ही कडांना एकेक पांढरी फळी, आणि इकडून तिकडे पळणारा एक चेंडू. चेंडू चौकोनी आहे. (हे बाळासोला जरूर कळवा. गोल चेंडू निघाला असेल तर पहिल्यांदा तो आणावा.) दोन वायरींना दोन मुठी, त्यावर एकेक कान. कान पिळला की फळी वरखाली होते. ज्या दिवशी पहिल्यांदा तो ‘टुक’ असा आवाज झाला, त्या दिवशी दाजी, माझी छाती भरून आली. दोन वर्षांनी माझ्या टीव्हीने तोंड उघडलं होतं.

आता यंदाचे खेळ सांगतो. डब्यावर इंग्रजीत चार नावं आहेत, पण गावाने आपली नावं पाडली. माझ्या सगळ्यांत आवडीचा हॉकी. यात प्रत्येकाला दोन फळ्या मिळतात. मी बटालियनकडून राखीव खेळाडू होतो, म्हणजे चार वर्षं बाकावर बसलो, ती सगळी भूक या वर्षी भागली. बायकांच्या आवडीचा दुसरा. त्यात दोघी एकाच बाजूला उभ्या राहून समोरच्या भिंतीवर चेंडू मारतात. शालूबाईने पहिल्यांदा बघितला आणि म्हणाली, “आवं, ह्ये तर शेणी थापणं हाय की.” तेव्हापासून त्याचं नाव शेणी. दुपारची धुणी आटपली की आमच्या सोप्यात शेणी थापायला सात-आठ बायका हजर. शालूबाईचा हात त्यात इतका बसलाय की ती खेळता खेळता तांदूळही निवडते. तिसऱ्या खेळात एकट्यानेच खेळायचं असतं. आमच्याकडे एकट्याने काही करायची पद्धत नसल्यामुळे तो पडून राहिला.

चौथा खेळ साधा, एकास एक, मध्ये रेघ. त्याचं नाव पडलं कौल. हे कसं झालं ते नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

वैशाखात भामाबाईची म्हैस हरवली. बाई रडत आमच्या दारात आली, तेव्हा मी आणि गुंडा (खालच्या आळीतला, माझा नेहमीचा प्रतिस्पर्धी) डाव सुरू करत होतो. बटण दाबलं की चेंडू मधल्या रेघेतून कधी डावीकडे सुटतो, कधी उजवीकडे. देवाला कौल लावताना दोन बाजूंना दोन कळ्या लावतात आणि उजवी पडली की होकार धरतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. बाईला चेंडू दिसला आणि ती हात जोडून म्हणाली, “गावंल का रं माझी म्हस?” चेंडू उजवीकडे गेला. म्हैस तासाभरात सापडली, उजवीकडच्याच बोळात.

झालं. त्या दिवसापासून आमच्या सोप्यात नारळ यायला लागले. पाऊस कधी, रेडकू का वासरू, मुलगा भरतीत निघेल का, सगळं चेंडूला विचारायचं. गुंडाने चांगला चालता बैल विकला, तो चेंडू उजवीकडे गेला म्हणून. मी पहिल्यांदा ओरडलो, की अरे, हा विजेवरचा खेळ आहे. पण नारळ रोज येत होते आणि शालूबाईची चटणी यंदा फार चांगली झाली, म्हणून गप्प बसलो.

या सगळ्यात बनू कुठे होती, तर डब्याच्या आत. गौरी-गणपतीच्या सुमारास एक मूठ बंद पडली. मी हळहळत होतो, तर पोरीने माझा स्क्रू ड्रायव्हर घेतला, डबा उघडला, कुठली तार तुटलीय ते शोधलं आणि बाजारातल्या रेडिओवाल्याच्या दुकानात त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने कथलाचा डाग देऊन आली. तो रेडिओवाला मला म्हणाला, “हवालदार, पोरीचा हात लय थिर हाय. शिकवा तिला.” त्या रात्री जेवताना बनूने मला विचारलं, की साताऱ्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा वर्ग निघालाय, जाऊ का. मी म्हणालो, बघू. दाजी, माझ्या ‘बघू’चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ ‘दाजींना विचारतो’. आणि विचारायला पत्र लिहिणार, तोवर तुमचंच पत्र आलं, की म्हसवडचे नाथाजीराव सोन्यासारखा माणूस आहे, मुलगा अर्जुना एस.टी.त कंडक्टर आहे, मी शब्द दिलाय, माघात बार उडवून द्या.

मी ते पत्र तीनदा वाचलं. बनूने एकदाच वाचलं आणि शेणी खेळायला बसली. हरली. बनू कधी हरत नाही.

मार्गशीर्षात नाथाजीराव चार माणसं घेऊन आले. तुम्ही म्हणालात तसेच निघाले, सोन्यासारखे. पोहे झाले, बनूने पाटावर बसून खाली मान घालून नाव-गाव सांगितलं. तुमचा शब्द मोडायचा कसा, आणि पोरीचं मन मोडायचं कसं. सुपारी फोडायची वेळ आली तेव्हा नाथाजीराव म्हणाले, “आमच्यात नाथाचा कौल घेतल्याबिगर सुपारी फोडत न्हाईत. म्हसवडला जाऊन लावू.” एवढ्यात पाणी द्यायला आलेली भामाबाई बोलली, “म्हसवडला कशाला? हितं हाय की.” आणि तिने म्हशीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पाहुणे हसले. नाथाजीरावांना गंमत वाटली. म्हणाले, “लावा तर.”

पण डबा चालवणार कोण? त्याचं बटण डाग दिल्यापासून बनूच्याच बोटाचं ऐकतं. तेव्हा नवरी पाटावरून उठली, पदर खोचला, आणि म्हणाली की यंत्र जरा तापवावं लागेल. एक चेंडू खेळली. डावीकडून सोडून दिला. (मला तेव्हाच चमकायला पाहिजे होतं.) मग बटण दाबलं. सगळं घर पडद्याकडे वाकलं. चेंडू डावीकडे गेला.

दाजी, खोटं कशाला लिहू, मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. देवाने नाही म्हटलं, टीव्हीने नाही म्हटलं, मला काही म्हणावं लागलं नाही. तेवढ्यात नाथाजीरावांनी मांडीवर थाप मारली, “दिली! उजवी दिली!”

मी म्हणालो, पाहुणे, डावीकडे गेला. ते म्हणाले, “तुमच्या डाव्या अंगाला गेला. कौल देवाच्या उजवीचा असतोय. देव आपल्याकडं तोंड करून बसतोय, तवा त्याची उजवी म्हंजे आपली डावी. टीव्ही कुणीकडं तोंड करून हाय?”

टीव्हीचं तोंड आमच्याकडे होतं, हे मला नाकारता येईना. भामाबाई उसळली, की मग माझी म्हैस आपल्या उजवीकडे कशी सापडली? नाथाजीराव म्हणाले, म्हैस सापडणार नाही असाच कौल होता, ती आपल्या पायाने आली. मी कवायतीतली ‘दाहिने मुड’ समजावून सांगायला उठलो आणि तिथेच गुंडा किंचाळला, “म्हंजे माझा बैल?” दाजी, वैशाखापासून ज्यांनी ज्यांनी कौल घेतला होता, ते सगळे दारात जमले होतेच. प्रत्येकाच्या डोक्यात उजेड पडला की आपण सगळं उलटं केलं. एक म्हणतोय मी हरभरा करायचा तो गहू केला, एक बाई म्हणतेय माझ्या सुनेला उगीच माहेरी पाठवली. गुंडा माझ्या गळ्यातच पडला, “दादासो, बैल परत आणून दे रं!”

त्या गोंधळात मी बनूकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती, नाथाजीरावांकडे नाही, भांडणाकडे नाही. माझ्याकडे बघत होती. चोवीस वर्षं ‘जी साब’ आणि जन्मभर ‘दाजी म्हणतील तसं’ करत आलेला माणूस मी. उभा राहिलो आणि म्हणालो, “पाहुणं, कौल ऱ्हाऊ द्या. पोरीच्या मनात न्हाई. तिला साताऱ्याला शिकायचंय. डावी-उजवी कुणाचीबी असू द्या, मी न्हाई म्हणतोय.”

गुंडाने सुद्धा माझा गळा सोडला. शालूबाईने कपाळाला हात लावला, पण मागे वळून पदराने डोळे पुसले, ते मी बघितलं. नाथाजीरावांनी सुपारी उचलून परत खिशात टाकली. मग म्हणाले, “दादासो, ह्ये आदीच सांगायचं व्हतंसा. उगंच दोन ताटल्या पव्हं खाल्लं.” आणि हसले. गाडीला वेळ होता म्हणून माझ्याशी हॉकीचे तीन डाव खेळले, तिन्ही जिंकले, आणि जाताना म्हणाले, “तुमच्या दाजींना म्या काय सांगत न्हाई. त्येंचा शबुद तुमी मोडलाय, तुमीच सांगा.”

ते हे सांगितलं. पंधरा दिवस माझ्या छातीवर जे जातं ठेवलेलं होतं, ते आत्ता उतरलं. तुम्ही रागावाल, त्याला इलाज नाही. रागावण्याचा तुमचा हक्क आहे. आक्काला नमस्कार.

तुमचा,
दादासो

ता. क. बाळासोला कळवा, हॉकी एक नंबर, शेणी दोन नंबर. कौल गावाने बंद केला आहे. गुंडाचा बैल परत मिळाला, पण आता तो गुंडाचं ऐकत नाही.

ता. क. दुसरा. साताऱ्याचा वर्ग सात जानेवारीला सुरू होतोय. तुमच्या रहिमतपूरहून एस.टी. रोज जाते. बनूला वर्षभर तुमच्या घरी ठेवून घ्यावं, ही विनंती. तुमचा रेडिओ खरखरतो असं आक्का म्हणत होती.

ता. क. तिसरा. काल बनूने सांगितलं, की मागचा चेंडू ज्या बाजूने सुटून जाईल, पुढचा त्याच बाजूला सुटतो. हे तिला सहा महिने माहीत होतं. मी विचारलं, मग म्हसवडची माणसं देवाची उजवी धरतील एवढं तुला कळलं नाही? ती म्हणाली, “कळलं हुतं की, आबा. कसाबी गेला असता तरी भांडण झालंच असतं. तुमी बोलावं म्हणून लावला कौल.”

ता. क. शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. पत्र पोस्टाने पाठवून ‘बघू’ असं उत्तर यायला नको, म्हणून ते बनूच घेऊन निघाली आहे, ट्रंकेसकट, दिवसाच्या गाडीने. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ती तुमच्या सोप्यात, ट्रंकेवर बसून, तुमच्या तोंडाकडे बघत असणार. नाही म्हणायचं असेल तर वर बघून म्हणा, दाजी. आणि जमलं, तर कसं जमलं तेवढं मला कळवा.